भोपळ्याचं मसाला-सिरप: दुधाच्या थेंबाशिवाय, घरच्या घरी

माझ्या धाकट्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचायला जड जातं, पोट फुगतं, असा प्रकार नाही. दुधातली प्रथिनंच तिच्या शरीराला चालत नाहीत. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका कॅफेत तिनं हौसेनं ‘पम्पकिन स्पाइस’ कॉफी मागितली. ओटचं दूध घाला म्हणून आम्ही बजावून सांगितलं होतं आणि त्यांनी तेच घातलं. तरी तीन घोटांत तिचे ओठ सुजले. औषध पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की दूध बदललं तरी कपाच्या तळाशी घातलेल्या भोपळ्याच्या सॉसमध्येच आटवलेलं दूध होतं. कॅफेत वापरल्या जाणाऱ्या अनेक तयार सॉसमध्ये ते असतं, आणि काउंटरवरच्या मुलामुलींना दर वेळी ते ठाऊक असतंच असं नाही.

तेव्हापासून हे सिरप मी घरी करते. आम्ही इलिनॉयमध्ये पिओरियाला राहतो. शेजारचं मॉर्टन गाव स्वतःला भोपळ्याची जागतिक राजधानी म्हणवतं आणि अमेरिकेत सर्वाधिक भोपळा पिकतो तो याच राज्यात. त्यामुळे कच्च्या मालाची ददात नाही. पण पुण्यात, नागपुरात किंवा सिंगापुरात बसूनही हे सिरप तितकंच चांगलं होतं, कारण यातली मुख्य गोष्ट भोपळा नाही.

या कॉफीची चव म्हणजे मसाल्यांची चव. अमेरिकेत शरद ऋतूत भोपळ्याचा ‘पाय’ (pie), म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, करतात आणि त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस घालतात. या मसाल्यांचं तयार मिश्रण १९३०च्या दशकापासून डब्यात मिळू लागलं. पुढे ‘पम्पकिन स्पाइस’ म्हटलं की लोकांना भोपळ्याआधी हा वासच आठवायला लागला. स्टारबक्सनं २००३ साली ही कॉफी आणली तेव्हा तिच्यात भोपळा नव्हताच. तो घातला गेला २०१५ साली. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. घारगे तळताना घरभर जो वास सुटतो तो भोपळ्याचा कमी आणि गुळाचा, जायफळाचा जास्त असतो. भोपळा अंग देतो, रंग देतो, थोडा मातकट गोडवा देतो. म्हणून सगळी मेहनत मसाल्यांवर घ्यायची आणि भोपळा बेतानं घालायचा.

मसाले: अख्खेच घ्या

इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती मसाल्यांची पूड पाण्यात टाकायला सांगतात. माझी पहिली दोन सिरपं त्यामुळेच बिघडली. दालचिनीची पूड गरम पाण्यात पडली की फुगते आणि तिचा चिकट, बुळबुळीत थर तयार होतो. गाळून जात नाही, कॉफीत तंतू तरंगतात, आणि दोन दिवसांनी बाटलीच्या तळाशी जेलीसारखा गोळा बसतो. अख्खी दालचिनी उकळली तर हा त्रास नगण्य.

दालचिनी दोन प्रकारची मिळते. एक जाड सालीची, कडक, तिखटसर. तिला कॅसिया म्हणतात. दुसरी श्रीलंकेची, पातळ पापुद्र्यांची, हातानं चुरगळणारी, वासाला नाजूक. अमेरिकेत ‘सिनॅमन’ म्हणून जी सर्रास विकली जाते ती कॅसियाच, आणि या कॉफीची ओळखीची चव तिचीच आहे. भारतातही किराणा दुकानातली जाड दालचिनी बहुधा कॅसिया असते, तेव्हा मुद्दाम शोधायला नको. मात्र कॅसियात कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते रोज, भरपूर प्रमाणात घेतल्यास यकृताला बाधू शकतं. हंगामात आठवड्यातून दोनतीन कप प्यायले तर काळजी नाही. वर्षभर रोज पिणार असाल तर श्रीलंकेची घ्या आणि थोडी वाढवा.

ऑलस्पाइस हे नाव फसवं आहे. ते मिश्रण नाही. जमैका आणि मध्य अमेरिकेत होणाऱ्या एका झाडाचं ते वाळवलेलं फळ आहे, मिऱ्यापेक्षा जरा मोठं. त्याला लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास येतो म्हणून हे नाव पडलं. मिळालं नाही तर दोन लवंगा आणि दोन मिरी जास्त घाला. तंतोतंत तीच चव येत नाही, पण जागा भरते.

जायफळ नेहमी अख्खं घ्यायचं आणि ऐन वेळी किसायचं. त्याचा सुगंध फार उडता असतो. वीस मिनिटं उकळलं तर वास स्वयंपाकघरात राहतो आणि सिरपात नुसता कडवटपणा उरतो. म्हणून ते शेवटी, गॅस बंद केल्यावर. आणि बेतानं, कारण जास्त जायफळ अंगावर येतं. गुंगी, मळमळ, धडधड हे त्याचे परिणाम आपल्याकडच्या आज्यांना चांगले माहीत होते; बाळगुटीत त्या एखादाच वेढा उगाळायच्या.

वेलची घालू नका. हात आपोआप तिच्याकडे जातो, माझाही गेला होता, पण वेलची पडली की बाकीचे मसाले मागे सरतात आणि कॉफीला शिऱ्याचा वास येतो. तो वास सुंदरच आहे, पण या कपात नको.

भोपळा

इथे हॅलोविनला कोरतात तो मोठा नारिंगी भोपळा घेऊ नका. तो पाणचट आणि रेषाळ असतो. मॉर्टनच्या डबाबंद कारखान्यासाठी पिकवला जाणारा ‘डिकिन्सन’ दिसायला मुळीच नारिंगी नसतो. लांबोडका, फिकट बदामी सालीचा असतो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो भोपळा आहे हेच पटत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तो बटरनट नावाच्या भोपळ्याचा भाऊबंद आहे, आणि आपल्याकडचा लाल भोपळा, ज्याला कुठे डांगर, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ म्हणतात, तोही बहुतेक वेळा त्याच जातीचा असतो. म्हणजे मंडईतली केशरी गराची घट्ट फोड या कामाला उत्तम. नखानं टोचून पाहा. गर कडक आणि गडद असेल ती घ्या.

डब्यातला गर वापरणार असाल तर डब्यावर नीट वाचा. साधा गर वेगळा आणि पायसाठीचं मिश्रण वेगळं. दुसऱ्यात साखर आणि मसाले आधीच असतात. दोन्ही डबे शेल्फवर शेजारी असतात आणि चित्रही जवळपास सारखं असतं.

ताज्या भोपळ्याचा गर काढायचा तर अर्धा किलो फोडी बिया काढून, सालासकट, कापलेली बाजू खाली करून २०० अंश सेल्सियसला ४० ते ४५ मिनिटं भाजा. कडा किंचित करपट तांबूस झाल्या तर उत्तम, ती चव सिरपात उतरते. ओव्हन नसेल तर कुकरच्या भांड्यात पाणी न घालता फोडी ठेवून दोन शिट्ट्या करा, पण मग गर कढईत मंद आचेवर पाचसात मिनिटं परतून त्यातलं पाणी आटवायला हवं. सालातून गर काढा, मिक्सरमधून फिरवा, मलमलीत अर्धा तास टांगा. आपल्याला लागतो फक्त ८० ग्रॅम, म्हणजे पाचेक टेबलस्पून.

गोडी

साधी पांढरी साखर २०० ग्रॅम आणि ब्राउन शुगर १०० ग्रॅम. ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत थोडी काकवी परतवलेली. तिनं चवीला खोली येते. तिच्याऐवजी गूळ वापरता येतो, पण संपूर्ण गूळ घालू नका. गुळाचा चहा फुटतो हे आपण घरोघरी पाहिलेलं आहे. गुळातला आंबटपणा आणि क्षार गरम दुधाला फाडतात. सोयाबीन, बदामाचं दूधही त्याच्यापुढे टिकत नाही. एक तृतीयांशापर्यंत गूळ निभतो. आणि लिंबू मुळीच पिळू नका. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू घालतो, पण हे सिरप इतकं पातळ असतं की ते साखरत नाही, आणि लिंबानं दूध मात्र हमखास फुटतं.

कृती

साहित्य एकत्र सांगते. पाणी ५०० मिली. दालचिनीचे तीन इंची तीन तुकडे, साधारण १० ते १२ ग्रॅम. लवंगा ५. ऑलस्पाइसचे दाणे ८. सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, किंवा १५ ग्रॅम ताजं आलं चकत्या करून. सुंठेची चव जास्त जुळते. वर सांगितलेली साखर, ८० ग्रॅम गर, पाव जायफळ, मीठ दोन चिमटी, व्हॅनिला अर्क एक टीस्पून. यातून साधारण ४५० मिली सिरप होतं.

१. लवंगा, ऑलस्पाइस आणि सुंठ खलबत्त्यात नुसती चेचा. पूड करू नका, दाणा उघडला की पुरे. दालचिनी हातानं मोडा. कोरड्या पातेल्यात सगळं मंद आचेवर मिनिटभर गरम करा. वास आला की लगेच पाणी ओता. लवंग करपली तर अख्खं सिरप कडू होतं आणि ते दुरुस्त होत नाही.

२. उकळी येऊ द्या, मग आच अगदी कमी करून झाकण ठेवून २० मिनिटं. झाकण महत्त्वाचं आहे. मसाल्यांची तेलं वाफेबरोबर उडतात. झाकणावर जमलेलं पाणी पुन्हा पातेल्यातच पडलं पाहिजे. गॅस बंद केल्यावर झाकण न काढता आणखी अर्धा तास मुरू द्या. या अर्ध्या तासात पाण्याचा रंग फिकट तांबड्यावरून गर्द तांबडा होतो. घाईत ही मुरवणी गाळली तर सिरप फिकं होतं आणि मग माणूस साखर वाढवत बसतो.

३. गाळा. मसाल्याचं पाणी मोजा, ४०० मिली भरलं पाहिजे; कमी असेल तर साधं पाणी घालून पुरं करा.

४. पसरट पातेल्यात हे पाणी, दोन्ही साखरा, मीठ आणि गर एकत्र करा. आधी गरात थोडं पाणी घालून तो हातरवीनं सरबरीत करून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. मध्यम-मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं उकळा, अधूनमधून तळापासून ढवळत. वर फेस येईल तो झाऱ्यानं काढा. त्यानं सिरप स्वच्छ दिसतं.

५. कधी थांबायचं? पाक करायची सवय असलेल्यांची इथेच फसगत होते. एकतारी पाक नको आहे. थेंब दोन बोटांत धरून पाहिला तर चिकट लागावा, पण बोटं उघडताना तार निघू नये. तार निघाली तर पुढे गेलात. अर्धी वाटी गरम पाणी घालून मागे या. गरम असताना ते पातळच वाटणार, थंड झालं की दाट होतं.

६. गॅस बंद. जायफळ किसून घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग व्हॅनिला. व्हॅनिला उकळत्या सिरपात टाकलं तर वास उडून जातो.

७. ओल्या करून पिळलेल्या मलमलीतून गाळा. आपसूक गळू द्या. शेवटी शेवटी फडकं पिळायचा मोह होतो. पिळलं की बारीक चोथा खाली येतो आणि कॉफीच्या तळाशी माती बसल्यासारखा थर दिसतो. फडक्यात उरलेला गोड चोथा फेकू नका, सकाळच्या ओट्सच्या खिरीत किंवा थालिपिठाच्या पिठात छान जातो.

दूध फुटू नये म्हणून

सिरप उत्तम झालं आणि कपात दूध फाटलं, तर सगळा आनंद जातो. कॉफी आम्लधर्मी असते. सोया आणि बदामाच्या दुधातली प्रथिनं आम्ल आणि उष्णता एकदम मिळाली की गोळा होतात. बाजारात ‘बरिस्ता’ असं लिहिलेलं ओटचं दूध मिळतं, त्यात हा आंबटपणा झेलणारे फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात आणि ते खरोखर टिकतं. कॅल्शियम जादा घातलेलं सोयाचं दूध सर्वांत आधी फुटतं, असा माझा अनुभव आहे. घरी केलेलं ओटचं दूध फुटत नाही, पण गरम केल्यावर पेजेसारखं बुळबुळीत होतं. कॉफीत ते मला आवडत नाही.

बरिस्ता ओट मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल तर काजूचं दूध करा. ५० ग्रॅम काजू चार तास भिजवा, पाणी फेका, ५०० मिली ताज्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये दोनतीन मिनिटं अगदी गुळगुळीत वाटा. तुकडा चालतो, अख्खा काजू लागत नाही. काजूत पिष्ट असल्यामुळे गरम केल्यावर ते अंगचंच दाटसर होतं आणि साईसारखी स्निग्धता येते. घरात कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर अर्थातच ओटच वापरा.

आता कप बांधायचा. कपात २० मिली सिरप, म्हणजे चार टीस्पून. त्यावर १५० मिली दूध, गरम पण उकळलेलं नाही; साधारण ६० अंश. ढवळा. मग दोन मिनिटं निवू दिलेली कडक कॉफी, ५० ते ६० मिली, बारीक धारेनं ओता. दूध कॉफीत ओतलं तर पहिले थेंब एकदम आम्लात पडतात. कॉफी दुधात ओतली तर आम्ल हळूहळू पसरतं. एवढ्या फरकानं फुटणं टळतं. मोका पॉटची, म्हणजे गॅसवर ठेवायच्या छोट्या कॉफीपात्रातली, कॉफी चालते, आणि दाक्षिणात्य फिल्टरचा डिकॉक्शन तर फारच छान लागतो. चिकोरीची गोडसर कडवट चव या मसाल्यांशी जुळते. भाजणी गडद निवडा, तिच्यात आंबटपणा कमी असतो.

३० मिली सिरप घातलं तर कपात सुमारे २० ग्रॅम साखर जाते. हे लक्षात असू द्या. म्हणूनच मी २० पासून सुरुवात करायला सांगते.

टिकवण, आणि इथे हयगय नको

हे सिरप बाटलीबंद करून फडताळात ठेवण्याजोगं नाही. आपल्याला मुरांब्याची सवय आहे. वर्षभर बरणीत राहतो, काही होत नाही. पण मुरांब्यात कैरीचा आंबटपणा असतो आणि साखर कितीतरी जास्त. भोपळ्यात आंबटपणा जवळजवळ नसतो. अशा पदार्थात, हवाबंद बाटलीत, बाहेरच्या तापमानाला बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष जिवावर बेततं. वासानं किंवा चवीनं ते ओळखू येईलच असं नाही. भोपळ्याचा गर घरी बरणीबंद करू नये, असं अमेरिकेचं कृषी खातंही स्पष्ट सांगतं. तेव्हा बाटली दहा मिनिटं उकळून, वाळवून घ्या, सिरप कोमट झालं की भरा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभरात संपवा. भेट द्यायची असेल तर बाटलीवर तारीख आणि ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असं ठळक लिहा.

जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. साखरेमुळे ते दगडासारखं घट्ट होत नाही, मऊसरच राहतं, म्हणून तुकडे झाकणाच्या डब्यात घाला. तीन महिने राहतात. एक तुकडा म्हणजे साधारण एक कप.

भोपळा अजिबात न घालता केलं तर चौथ्या पायरीत गर वगळा आणि आठदहा मिनिटंच उकळा. ते काचेसारखं पारदर्शक होतं, फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतं, थंड कॉफीत सहज विरघळतं. मुलीला गराचं आवडतं, मला हे.

अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी

‘नॉन-डेअरी’ आणि ‘डेअरी-फ्री’ हे शब्द सारखे वाटतात, पण त्यांत धोक्याचा फरक आहे. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधाच्याच प्रथिनापासून बनतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्याला ते चालून जाईल. अ‍ॅलर्जी असलेल्याला नाही. डब्याच्या दर्शनी भागावर विसंबू नका, मागची घटकांची यादी वाचा. केसीन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स, दुधाची भुकटी, यांतलं काहीही दिसलं की डबा परत ठेवा. अमेरिकेत २००६ पासून पाकिटबंद पदार्थांवर दूध असेल तर ते साध्या शब्दांत लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे, भारतातही अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची नोंद असते. ती ओळ शोधायची सवय मुलांनाही लावा.

घरातही एक गोष्ट सांभाळा. बाकीच्यांसाठी गाईचं दूध ज्या पातेल्यात तापवता, ज्या फेस काढायच्या यंत्रानं घुसळता, ती भांडी या कॉफीसाठी वापरू नका. आमच्याकडे मुलीच्या पातेल्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला आहे. पाहुणे आले, कुणीही स्वयंपाकघरात शिरलं, तरी तो दोरा लगेच दिसतो.

राहिलेल्या गराचं काय करायचं? एका डब्यात सव्वाचारशे ग्रॅम येतो आणि सिरपाला लागतो ८०. मी त्यात गूळ घालून शिजवते, तेलाचं मोहन घालून कणीक आणि थोडी तांदळाची पिठी भिजवते, आणि त्याच रविवारी घारगे तळते. त्यातही दूध नसतंच.